घटीचं धान्य

असलं काही लिहायचं तर म्हातारपणी लिहावं, असं आमच्या गटातले थोरले कार्यकर्ते मला सांगत होते. माणूस थकला की मागचं निवांत दिसतं म्हणे. मी अजून तिशीसुद्धा गाठलेली नाही. पण मला माझा स्वभाव माहीत आहे. आणखी वीस वर्षं थांबले तर मी यातली माझी वाक्यं बदलीन, माझा आवाज खाली आणीन आणि रशीदा खालाच्या तोंडी माफीची दोन वाक्यं घालीन. ती वाक्यं ती कधी बोलली नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवते. मला पत्रकं लिहायची सवय आहे, त्यामुळे हेही थोडं पत्रकासारखंच होईल. फरक एवढाच, की पत्रकात मी दुसऱ्याचं नाव वर घालत आले, इथे माझं घालायचं आहे.

आमचं घर जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडच्या काठाला, पत्र्याच्या दोन खोल्यांचं. शेजारी रशीदा खाला, म्हणजे आमची मावशीच. दोन घरांत मिळून भिंत एक, तीही वरपर्यंत पोचलेली नव्हती. पत्र्याखाली हातभर फट होती आणि त्या फटीतून वास, धूर, भांडणं, मोबाइलवरची गाणी सगळं इकडून तिकडे जायचं. सकाळी आमच्याकडे भाकरी थापल्याचा आवाज, तिच्याकडे पोळपाटावर लाटणं फिरल्याचा. आई मध्येच थाप थांबवून ओरडायची, "रशीदा, आज लई लाटून राह्यली, पाव्हणे आल्ते का?" तिकडून उत्तर यायचं, "पाव्हणे कायकू बाई, दो डायनां हैं ना घर में!" डायनां म्हणजे तिच्या दोन मुली, नऊ वर्षांची सना आणि सहा वर्षांची मुस्कान. त्या खिदळायच्या. आमच्याकडे आमटीला येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, लावला की मुस्कान वाटी घेऊन दारात हजर असायची आणि परत जाताना त्याच वाटीत काही ना काही यायचं, कधी खिचडा, कधी नुसती लसणाची लाल चटणी. खालाचा नवरा हैदराबादकडे कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरं घर करून बसला होता. रेशनकार्डावर तिचं नाव होतं, पण कार्ड दुसऱ्या तालुक्यात, सासूच्या पेटीत. ते ती बाई मेली तरी काढून देणार नाही, असं खाला हसत सांगायची.

आई आणि खाला एमआयडीसीत एकाच बियाण्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होत्या. तिथे मक्याच्या बियाण्याला औषध लावायचे. औषधाला गुलाबी रंग असतो, म्हणजे कुणी चुकून दाणे खाऊ नयेत. तो रंग हातांना, पदराला, नखांच्या कडांना बसायचा. जेवणाच्या सुट्टीत बायका नळाला लागायच्या आणि कामावर देखरेख करणारी बाई दारात उभी राहून ओरडायची, "रंग गेला का? मंग डबा उघडा. रंग जाईस्तोवर कुणी घास उचलायचा न्हाई." आई घरीसुद्धा तेच म्हणायची. कामावरून आली, की मुस्कान तिला बिलगायला धावायची आणि आई हात मागे घेऊन म्हणायची, "थांब गं, रंग जाऊ दे." आमच्या गल्लीत ही गोष्ट पोरापोरींना पाठ होती. रंग आहे तोवर विष आहे, रंग गेला की हात आपला. हा नियम हातापुरता होता, हे कुणी कधी सांगितलं नाही. सांगायची वेळही आली नव्हती.

पप्पा लोखंडाच्या मिलमध्ये होते, तापलेली लाल सळई चिमट्याने धरून पुढच्या खाचेत घालायच्या कामाला. मिलच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून आमच्या घरात साधं बोलणंही भांडणासारखं वाटायचं. आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, बारक्या गटाची मोठ्या तोंडाची कार्यकर्ती. गटातल्या दादांनी मला पत्रक लिहायला शिकवलं होतं. चोर कोण ते पहिल्या ओळीत सांग, लोकांना विचार करायला वेळ देऊ नकोस, आणि शेवटी मागणी अशी घाल की साहेबाला होय किंवा नाही एवढंच म्हणता येईल. मला ते झटक्यात जमलं. मी घरात पण तसंच बोलायला लागले. आईने शेजारणीला साखर उसनी दिली तरी मी त्यात शोषण शोधायची. पप्पा म्हणायचे, "ही पोरगी जेवायला बसली तरी मागणीपत्रक वाचून दाखवते."

मग करोनाची बंदी आली. मिल बंद, कंपनी बंद, कॉलेज बंद. पहिल्या दिवसांत मला आठवतो तो पप्पांचा गोंधळ. मिलच्या पाळीच्या वेळेला ते उठून बसायचे, अंघोळ करायचे, डबा शोधायचे आणि मग दाराशी पायरीवर बसून राहायचे. त्यांना शांततेचा त्रास व्हायचा. "कानात काहीतरी अडकल्यावानी वाटून राह्यलं," म्हणायचे. आई त्यांना स्वयंपाकाच्या खोलीतून हुसकायची. "पायात पायात करू नका, मिलमध्ये तरी तुम्हाला कुणी असं बसू दिलं असतं का?" त्यावर पप्पा म्हणायचे, "तिथं निदान जेवायची सुट्टी तरी होती." हसायचो आम्ही. पहिले आठ-दहा दिवस खरंच हसत गेले, कारण डब्यांत तळाशी थोडं थोडं होतं.

जेवण कसं पातळ होत जातं, हे मी पुढे कितीतरी सभांमध्ये सांगितलं, पण तिथे बोलताना ते आकड्यांसारखं होतं. घरात ते असं झालं, की आधी तेल गेलं. येसराची आमटी फोडणीशिवाय व्हायला लागली. मग आमटीतली डाळ गेली आणि येसराचं नुसतं तपकिरी, खमंग वासाचं पाणी राहिलं, त्यात भाकरी कुस्करायची. मग ज्वारी संपली. मग दोन्ही वेळा भात आणि मीठ-तिखटाचं पाणी. आई भात आधी पप्पांना वाढायची, मग मला, मग पातेलं पुसून स्वतःला. मी ते बघत होते. स्त्रिया शेवटी का जेवतात यावर मी एक पत्रक लिहिलेलं होतं. तरी पातेलं तिच्या हातातून एकदाही काढून घेतलं नाही, हे इथे लिहिते. भिंतीपलीकडे लाटणं थांबलं होतं. पण तिथून भाताचा वास मात्र यायचा, आणि मला कधी प्रश्न पडला नाही, की कार्ड नसलेल्या बाईच्या घरात तांदूळ येतो कुठून.

रेशनचं दुकान गोविंदशेठचं. गल्लीच्या तोंडाशी, निळ्या शटरचं. सरकारने फुकट तांदूळ जाहीर केला आणि दुकानापुढे चुन्याचे गोल आखले गेले. त्या गोलांत लोक आपल्या पिशव्या आणि चपला ठेवून लिंबाच्या सावलीत जाऊन बसायचे. उन्हात चपलांची रांग आणि सावलीत माणसांचा घोळका, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. पोलिसांची गाडी आली की सगळे पळत आपापल्या चपलेत. गोविंदशेठ तोंडाला उपरणं बांधून काट्यापाशी बसायचा आणि प्रत्येक कार्डामागे थोडं कमी द्यायचा. त्याला तो 'घट' म्हणायचा. गोदामातून येतानाच पोतं कमी भरतं, सांडतं, उंदीर खातात, ती घट मी कुठून भरू, तुमच्यातूनच भरणार, असं त्याचं गणित. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं. बायका पिशवी हातात तोलून म्हणायच्या, "शेठ, उंदीर लई माजले का यंदा?" आणि तो म्हणायचा, "उंदराला पण बंदी हाये बाई, जाईल कुठं?"

त्या दिवशी रांगेत आईचा नंबर आला होता आणि मी मोबाइल घेऊन बाजूला उभी होते. काट्यावर पिशवी ठेवली, मी आकडा चित्रित केला, मग पिशवी आमच्या शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवली आणि तो आकडाही चित्रित केला. परत आले आणि सगळ्या रांगेसमोर ओरडले, "हा चोर आहे! महामारीत लोकांच्या तोंडचा घास काढतो!" गोविंदशेठ आधी गडबडला, मग म्हणाला, "पोरी, घरी बसून विचार तुझ्या आईला. घटीचं सगळं माझ्या पोटात जात न्हाई." मी म्हटलं, "तुझ्या पोटाचा हिशोब तहसीलदार घेतील." लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. आई पदर तोंडावर घट्ट धरून उभी होती. तिला लाज वाटतेय असं मला वाटलं. तिच्या लाजेचाही मला राग आला.

त्या दुपारी खाला आमच्या दारात आली. आत आली नाही, अंतर ठेवायचं म्हणून उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली. "प्रग्या बेटा," ती म्हणाली. प्रज्ञा तिला कधी म्हणता आलं नाही. "जाने दे ना. निकालता तो निकालने दे. दुकान खुला है ना, बस है." मी तिला भाषण दिलं. हक्क काय, भीक काय, आपण गप्प बसतो म्हणून हे माजतात, हे सगळं. ती मान हलवत ऐकत होती. शेवटी मी म्हणाले, "तुमच्यासारखेच लोक चोराला पोसतात, खाला." ती उठली. "हौ बेटा," एवढंच म्हणाली आणि गेली. आई चुलीपाशी बसून होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि राख ओढायला लागली. त्या बघण्याचा अर्थ मला पुढे कळला.

चित्रफीत रात्रीत सगळ्या जालन्यात फिरली. पुरवठ्याचे साहेब जीपमधून आले, पंचनामा झाला, गोविंदशेठच्या शटरला लाखेचं सील लागलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. पप्पांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाले, "आपली पोरगी साहेबाला कामाला लावते." दादांचा फोन आला, "पत्रक असं असतं." मी त्या संध्याकाळी भाताबरोबर काय खाल्लं आठवत नाही, पण पोट भरलेलं होतं एवढं आठवतं.

चौथ्या दिवशी बंद दुकानाच्या भिंतीवर कागद चिकटवला गेला. आमची सगळी कार्डं नदीपलीकडच्या, नव्या जालन्यातल्या दुकानाला जोडली होती. पुलावर बांबू आडवे लावलेले आणि पोलीस बसलेले. रेशनला चाललोय म्हटलं तर पावती दाखवा म्हणायचे, पावती आणायलाच तर चाललेलो असायचो. आई आणि मी दोनदा उन्हात जाऊन आलो. तिकडचा दुकानदार सरळ माणूस होता, एक दाणा कमी देत नव्हता. तो म्हणाला, "ताई, तुमच्या वस्तीचा कोटा अजून माझ्याकडे चढला न्हाई. आला की देतो, बराबर देतो." परत येताना आई पुलाच्या टोकाला सावलीत बसली. म्हणाली, "बराबर देणारा मिळाला बघ तुला." मी रागाने साहेबांना अर्ज लिहिला. मग दुसरा लिहिला. मग धान्याची पाकिटं वाटणारे आले. त्यांना यादी हवी होती आणि यादीला कार्डाची झेरॉक्स. आम्हाला एक पाकीट मिळालं. खालाला नाही, कारण कार्ड सासूच्या पेटीत.

त्यातच रोजे सुरू झाले. खाला म्हणायची, "अच्छा हुआ बाई, रोजे आ गए." आम्हाला वाटायचं भक्तिभावाने म्हणतेय. दिवसभर ती खात नव्हती आणि खात नाही म्हणून कुणाला काही वाटत नव्हतं. आई पाकिटातला तांदूळ वाटीने तिच्याकडे पाठवायची. ती म्हणायची, बच्चियां खा लेंगी, मेरा रोजा है. संध्याकाळी रोजा सोडताना ती काय खात होती, हे पाहायला त्या फटीतून कुणी डोकावलं नाही.

आता तो प्रश्न. मी पायरीवर बसून तिसरा अर्ज लिहीत होते. लिहिता लिहिता वाक्य छान जमत होतं, 'प्रशासनाच्या दिरंगाईने वस्ती उपासमारीच्या उंबरठ्यावर' असलं काहीतरी. खाला तिच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "क्या लिख रई बेटा?" मी म्हटलं, "अर्ज." मग म्हणाली, "एक बात पूछूं? रंग उतर्‍या तो दवा भी उतर जाती ना?" मी मान वर केली नाही. मला वाटलं ती ओढणीचं विचारतेय, किंवा हातांचं. कंपनी पुन्हा उघडणार अशी बातमी होती आणि बायका त्याच गोष्टी बोलत होत्या. मी म्हटलं, "हौ खाला, उतरते की. रंग गेला की गेलं." तिने पुन्हा विचारलं, "पक्का?" "पक्का," मी म्हटलं आणि 'उपासमारीच्या' हा शब्द खोडून 'भूकबळीच्या' असा केला, कारण तो जास्त झोंबतो.

दोन दिवसांनी सकाळी सना भिंतीवर दोन्ही हातांनी मारायला लागली. आम्ही धावलो. खाला मोरीपाशी पडलेली होती, गुडघे पोटाशी घेऊन. तोंडातून लाळ, अंग घामाने चिंब, हात सारखे उडत होते. आई पाणी घेऊन वाकली तर तिने तोंड फिरवलं. "नक्को. रोजा है." आई रडत ओरडली, "अगं उलटी झाली, तुटला तुझा रोजा, पी आता!" ती तोंड उघडेना. मी चुलीकडे पाहिलं. पातेल्यात शिजवलेला मका होता, फिकट, जवळजवळ पांढरा. बाजूला बादलीत गुलाबी पाणी आणि मोरीत गुलाबी ओघळ. कोपऱ्यात गेल्या हंगामातल्या मुदत संपलेल्या बियाण्याची पाकिटं फाडलेली. तिचा भाऊ परतूरला असतो, त्याच्या गाईला चाऱ्यासाठी पेरायला म्हणून ती तिने ठेकेदाराकडून मागून आणली होती. बंदीत त्याला नेता आली नाहीत. सना म्हणाली, "अम्मी ने सात पानी से धोई. पूरा रंग गया तब पकाई. बोली सुबह रोजे से पहले मैं खाती, शाम तक कुछ नहीं हुआ तो तुम खाना." मुस्कान पातेल्याकडे बघत होती. तिला भूक लागलेली होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आईने पातेलं उचललं आणि मोरीत पालथं केलं, तशी मुस्कान मोठ्याने रडायला लागली.

पप्पांनी मिलमधल्या मित्राची मोटरसायकल आणली. पुढे पप्पा, मध्ये खाला, मागे तिला धरून मी. पुलावर पोलिसाने काठी आडवी केली आणि खालाची अवस्था बघून स्वतःच बांबू बाजूला सरकवला. सरकारी दवाखान्यात गर्दी तापाची होती. आम्हालाही त्याच रांगेत उभं करत होते, तेव्हा मला बोलावं लागलं. सिस्टरने विचारलं, "काय खाल्लं हिने?" मी म्हटलं, "मक्याचं बियाणं." "औषध लावलेलं?" "हो. पण धुतलेलं. सात वेळा." ती बाई घामाने डबडबलेल्या त्या प्लास्टिकच्या पोशाखात थांबली आणि म्हणाली, "धुऊन औषध जातं असं कुणी सांगितलं गं तिला?" मी खालाचा उडणारा हात धरून ठेवला. त्यांनी खालाला आत नेलं, नाकातून नळी घातली, पोट धुतलं. त्या लोकांनी तिला वाचवलं, हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण त्या काळात दवाखान्यांवर मीही पुष्कळ पत्रकं काढली.

दुपारी घरी आले तेव्हा सना-मुस्कान आमच्याकडे भात खात होत्या. आई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मी म्हटलं, "हे सगळं कोटा न चढवणाऱ्या साहेबामुळे झालंय. मी सोडणार नाही." आईने हात थांबवला.

"प्रज्ञे," ती म्हणाली, "रशीदा इतकी वर्षं कशावर जगत होती, तुला काय वाटतं?"

"तुम्ही दोघी कमवत होता ना."

"ठेकेदार हंगाम संपला की घरी बसवतो. मंग?" तिने आवाज चढवला नाही. "गोविंदशेठ घटीतलं द्यायचा तिला. दुपारी शटर अर्धं पाडलं की मागच्या दारानं. तिला, वरच्या गल्लीतल्या लंगड्या म्हाताऱ्याला, अजून दोघी-तिघींना. कार्ड नसलेल्यांना. शपथ घातल्ती त्यानं, कुणाला सांगितलं तर लाईन लागेल म्हून. बाकीचं विकून खायचा. पण ह्यांना द्यायचा."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

तिने मुस्कानपुढे पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाली, "तुझ्याम्होरं काही सांगायची सोय कुठं ठेवली तू घरात? काही बोललं की भाषण. त्या दिवशी ती एवढी शरम गिळून तुला सांगायला आल्ती, तू तिला चोराला पोसणारी म्हणलीस. मी तिच्या शपथेला बांधलेली. आन् खरं सांगू का, तुला भ्याले मी."

पप्पांना सगळं ऐकू गेलं नसावं. ते म्हणाले, "काय म्हणून राह्यली ही?" आई म्हणाली, "काही न्हाई. जेवा."

इथे मला थांबावंसं वाटतं, पण थांबले तर ते अर्धंच राहील. गोविंदशेठ चोर होता. आजही म्हणते. त्याने खालाला पोटभर दिलं नाही, जगण्यापुरतं दिलं, आणि तेही आमच्याच पिशव्यांतलं काढून, आपण दानशूर असल्यासारखं. जे तिला कार्डाने मिळायला हवं होतं ते तिला शपथेवर आणि मागच्या दाराने मिळत होतं, ही शरमेची गोष्ट आहे आणि ती शरम खालाची नाही. हे सगळं मी अजून तितक्याच जोराने बोलू शकते. पण दुकान बंद करण्याआधी इथे कोण कोण जेवतं, एवढं मी गल्लीत फिरून विचारलं असतं, तर अर्जात पहिली मागणी वेगळी आली असती. आधी कार्ड नसलेल्यांना धान्य, मग सील. चार दिवसांचं काम होतं. मला ते चार दिवस नको होते, कारण चित्रफीत तयार होती. आणि तो प्रश्न तर चार दिवसांचाही नव्हता. नुसती मान वर करायची होती.

खाला आठवड्याने परत आली. हात थरथरत होते, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. गल्लीत तिने सांगितलं की उन्हाने झालं. मुलींनाही तसंच सांगायला लावलं. मी काय उत्तर दिलं होतं ते तिने आईलासुद्धा सांगितलं नाही, हे मला आईच्या वागण्यावरून कळलं. आईला ते मीच सांगितलं, पुष्कळ उशिरा, आणि त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

बंदी सैल झाली तसं निळ्या शटरचं सील निघालं. दुकान एका महिला बचत गटाला चालवायला दिलं. त्या बायकांनी नवा काटा आणला, भिंतीवर दर आणि वजन रंगवून घेतलं, आणि पोत्यात येईल ती घट स्वतः सोसली. गल्लीत माझं नाव अजून निघतं त्याबद्दल. कार्ड असेल त्याला तिथे एक मूठही कमी मिळत नाही. खालाच्या कार्डासाठी मी तीनदा तहसीलला गेले. सासूच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग नवीन, असं उत्तर मिळालं, आणि सासू दाखल्यावर अंगठा देईना.

शेवटी तिला आणि मुलींना कायमचं न्यायला परतूरहून तिचा भाऊ भाजीचा टेम्पो घेऊन आला. सामान असं काही नव्हतंच. दोन पेट्या, पोळपाट, गादी. सना पुढे बसली, मुस्कान माझ्या आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि आई तिला एका हाताने थोपटत दुसऱ्या हाताने येसराची पुडी तिच्या फ्रॉकच्या खिशात खुपसत होती. खाला गादीवर बसली होती. मी टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिले. पाठ करून आले होते. म्हटलं, "खाला, त्या दिवशी तुम्ही विचारलं, मी न बघता बोलले. चूक माझी आहे. दुकानाचीही माझीच."

ती माझ्याकडे बघत होती. चिडलेली दिसत नव्हती. तिने विचारलं, "नई दुकानवाली बायका कैसी हैं?"

"चांगल्या आहेत," मी म्हटलं.

"काटा बराबर?"

"बराबर."

"पूरा देतीं?"

"पूरं देतात, खाला."

"अच्छा है," ती म्हणाली. "तेरी माँ कू पूरा मिलता. अच्छा हुआ बेटा." भावाने टेम्पो सुरू केला. मी तिच्या आवाजात टोमणा शोधत राहिले. टेम्पो वळणापाशी जाईपर्यंत शोधत होते. तो नव्हता.